उस्तादांच्या बायकोची चमकी

४ सप्टें. ५६, नल्लकुंटा
ह्यांचं औरंगाबाद पक्कं. हैदराबाद राज्य फुटणार, मराठी कारकुनांनी मुंबई राज्याकडं जायचं. ह्यांनी कचेरीत होसुद्धा म्हणून टाकलं. बायकोला कशाला विचारायचं! माझी शाळा इथं, कायम नोकरी इथं. भांडले. भाजी करपली, ती तशीच वाढली. ह्यांनी ती संपवली.

९ सप्टें., रवि.
शाळेच्या वह्या तशाच टाकून कोठी भागात आपांकडे. आपा म्हणजे माझ्या उस्तादांच्या वंशातल्या. उस्ताद निजामाच्या दरबारी शिक्के कोरायचे, तळहाताएवढी चित्रं काढायचे; दोनशे वर्षं होत आली. त्यांचं चरित्र लिहायचं खूळ माझं, आणि निम्मं आपांच्या तोंडून ऐकलेलं. आपांना हल्ली फार दिसत नाही. मी औरंगाबादेस जायच्या आत सगळं वाचून दाखव म्हणाल्या. मी जाणार हे ह्यांनाही एवढं पक्कं वाटत नसेल.
आजचं: राजधानी औरंगाबादहून हैदराबादेस आली, उस्ताद दरबारामागं आले. बायको तिकडंच राहिली. हट्टी होती म्हणे. आवडली मला.

१६ सप्टें., रवि.
आपांनी पेटीतून चित्र काढलं. उस्तादांनी इथं एकट्यानं राहताना आठवणीनं काढलेली बायको. काय नाजूक हात! पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. चमकी मात्र उजव्या नाकपुडीत. आपांचीही उजवीकडं, त्यांच्या लेकीसुनांचीही. घराण्याची रीत, म्हणाल्या. एरवी आमच्यात काय, त्यांच्यात काय, सगळ्यांची डावीकडं.

१९ सप्टें.
शाळेत दाखल्यावर शिक्का मारताना डोक्यात लख्ख उजेड पडला. उस्ताद जन्मभर शिक्क्याच्या खड्यावर नावं उलटी कोरत आले, म्हणजे कागदावर सुलटी उमटावीत. तोच हात चित्रावर चालला. डाव्याचं उजवं झालं. चूक हो, निव्वळ चूक! आणि इतक्या पिढ्यांच्या पोरींनी त्या चुकीपायी नाकं टोचून घेतली.
आपांना हे कोणत्या तोंडानं वाचून दाखवू? गाळावं का? मग कसलं मेलं चरित्र...

२३ सप्टें., रवि.
गाळलं नाही. सगळं वाचून दाखवलं. आपांनी ऐकून घेतलं. मग हसल्या.
"तुमको अब समझा, बाई? घर में सबको मालूम है. बड़ी दादी, उस्ताद की बीवी, यहाँ आए, तस्वीर देखे, हँसे. दूसरे दिनच सीधे हाथ के बाजू का नाक छिदा लिए."
उस्तादांनी विचारलं, हे काय केलंस. तर म्हणाली म्हणे, "अब तस्वीर बराबर है."
मला रडूच फुटलं. आपांनी आपल्या ओढणीनं डोळे पुसले माझे. लहान पोरीसारखी बसून राहिले त्यांच्यापाशी. त्यांना सोडून जायचं जिवावर येतं. आणि ह्यांना एकटं पाठवायचं, तेही जिवावर येतं. हे कुणाला सांगू?

२४ सप्टें.
पुष्कळ दिवसांनी ह्यांच्याशी धड बोलले. हे होल्डॉलचा पट्टा शिवत बसले होते. उस्तादांच्या बायकोची गोष्ट सांगितली. ऐकताना सुई थांबली.
वर न बघताच विचारलं, "किती वर्षांनी आली ती?"
आपांना ते विचारायचं राहिलंच.