'परतीची कक्षा'चं नाव बदलताना

४ मार्च
माझी अॅपवरची मालिका कोणी का बघत नाही, याचं कारण सापडलं. नाव! 'परतीची कक्षा' हे काय नाव झालं? भूमितीचा तास वाटतो. बाकी सगळं उत्तम. यान थर्माकोलचं आहे, पण लांबून कळत नाही. नाव बदललं की प्रेक्षक येतील, आणि प्रेक्षक आले की हीसुद्धा परत येईल. ही सध्या बहिणीकडे आहे. थोडेच दिवस. तीन बॅगा नेल्यात, पण तिला पहिल्यापासूनच जास्त कपडे लागतात.

५ मार्च
अॅपवाल्याकडे जाऊन आकडे बघितले. लोक दोन मिनिटांत पळतात. एकच जण प्रत्येक भाग शेवटपर्यंत बघतो. तिसरा तर चारदा बघितलाय! त्यात अंतराळवीर, म्हणजे मीच, पृथ्वीवरच्या बायकोची माफी मागतो. नक्कीच कोणीतरी समीक्षक असणार. त्याच्यासाठी तरी भारदस्त नाव हवं.

८ मार्च, संध्याकाळ
नवीन नाव ठरलं. 'महाविस्फोट २२९९'. एडिटर म्हणाला, मालिकेत विस्फोट कुठंय? त्याला मार्केटिंग कळत नाही.
साडूला फोन केला. नावासाठीच. हिचा विषय ओघाने निघाला. तो म्हणाला, दार लावून मोबाईल बघते आणि डोळे पुसत बाहेर येते. म्हणजे अजून रागावलेलीच आहे. बरोबर आहे, अपयशी नवऱ्याचा राग येणारच. आता हिट झाल्याशिवाय फोन करायचा नाही, असं ठरवलं.

११ मार्च
अॅपवाला म्हणतो, नाव बदलायचं तर मालिका नव्याने टाकावी लागेल, जुनी निघून जाईल आणि आधीच्या प्रेक्षकांना ती सापडणार नाही. म्हटलं, काढ. आधीचे प्रेक्षक आहेतच कुठे? समीक्षक हुशार आहे, तो शोधेल.

१९ मार्च
समीक्षकाचा पत्ता नाही. बाकीचे आता एका मिनिटात पळतात. विस्फोट शोधत असावेत.
घर खायला उठतं. तिची उशी कपाटात ठेवली होती, परत काढली.

२४ मार्च
हिचा फोन आला. दुसऱ्या गावी नोकरी धरलीय, उद्या निघतेय. मी म्हटलं, एवढी घाई का? ती म्हणाली, "घरात तू कधी सॉरी म्हणाला नाहीस. त्या यानातून म्हणत होतास, ते मी रोज ऐकत होते. परत यायचंही ठरवलं होतं. मग एक दिवस मालिकाच गायब झाली. वाटलं, तेही शब्द तू मागे घेतलेस."
म्हटलं, अगं, काढली नाही, फक्त नाव बदललंय. ती म्हणाली, "आता नको. थकले मी."
'तू येत नसशील तर मी येतो' म्हणायचं होतं. सॉरी तर म्हणायचंच होतं. तोंडातून निघालं, "नवीन नाव कसं वाटतं?"
तिने फोन ठेवला. मी खूप रडलो.