दारणेमार्गे कुवेत

१ जानेवारी १९७८, रविवार. सकाळी ६.१०

नवीन वर्ष, नवीन डायरी, नवीन वाल्मीक पगारे. रोज पाचला उठायचं ठरवलंय. आज सहा वाजले, पण थंडी फार आहे आणि रविवार आहे, म्हणून आजचा दिवस धरत नाही.

यंदाचं मुख्य काम कुवेत. मुंबईच्या एजंटाचं पत्र आलंय. तिथल्या एका कंपनीला ड्रायव्हर हवेत, एप्रिलमध्ये मुंबईत टेस्ट. पत्रात खाली एक ओळ आहे: वाळवंटात गाडी चालवण्याचा अनुभव असल्यास प्राधान्य. बाकीचे लोक इथेच गळणार. माझं लायसन पाच वर्षांचं आहे. कारखान्यात मी डिस्पॅच क्लार्क असलो तरी साहेबांची अँबॅसिडर शेडपासून गेटपर्यंत रोज मीच आणतो. मध्ये एक वळणसुद्धा आहे.

हिला सांगितलं. ही म्हणाली, स्टोव्हवर दूध आहे, तेवढं बघा.

५ जानेवारी, गुरुवार

साडेसातला उठलो. देवळाली कॅम्पला खंडेरावांना भेटलो. रिटायर्ड हवालदार. एकाहत्तरच्या लढाईत बाडमेरकडे वाळूत ट्रक चालवलाय. लिलावात लष्कराची जुनी जीप घेतलीय आणि कुवेतवाल्यांसाठी दर रविवारी क्लास काढलाय. दारणेच्या पात्रात, सिन्नर रोडच्या पुलाच्या खालच्या अंगाला.

माझ्याखेरीज दोघे आहेत. मालेगावचा महेबूब, लूमच्या कापडाच्या गाठींचा टेंपो चालवतो. सिन्नरकडचा झुंबर, ट्रॅक्टर चालवतो. म्हणजे खरा मोटारवाला मी एकटाच. मला थेट वरच्या बॅचला घेता येईल का, असं विचारलं. खंडेरावांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि रविवारी सहाला या म्हणाले.

८ जानेवारी, रविवार

सहाची वेळ, पोचलो पावणेसातला. सायकलची चेन पडली. चेनवर माझा कंट्रोल नाही.

खंडेरावांचे नियम. वाळूत शिरण्याआधी चारी चाकांची हवा निम्मी सोडायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. गाडी घालण्याआधी वाट पायी चालून बघायची. आत गेल्यावर ब्रेक नाही, थांबणं नाही, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखं जायचं. जो रुतवेल त्याने फावडं घ्यायचं. आणि शेवटी ज्याने सगळ्यात जास्त रुतवली त्याने चारी चाकांत हातपंपाने हवा भरायची.

पहिला नंबर मीच मागून घेतला. जीप अकरा पावलं गेली. झुंबरने मोजली. त्याला कोणी मोजायला सांगितलं नव्हतं.

हवा भरायला पाऊण तास लागला. एका चाकाला दीडशेच्या वर पंप. जीपचा दोष आहे. लष्कराने उगाच नाही काढून टाकली.

९ जानेवारी, सोमवार

हात वर होत नाहीत. ऑफिसात विचारलं तर डेझर्ट ट्रेनिंग म्हणून सांगितलं. टायपिस्टने मान वर करून पाहिलं. महिन्यातून एखादा असा दिवस पाहिजे.

२२ जानेवारी, रविवार

आज प्रगती. तीस पावलं. आणखी गेलो असतो, पण थांबायचं नाही हा नियम मी पाळला आणि समोर टरबुजाची वाडी आली. नदीच्या वाळूत ओळीने खड्डे, खड्ड्यात शेणखत, त्यात कोवळे वेल. सात खड्डे गेले. ब्रेक मारला असता तर नियम मोडला असता.

वाडी चिमणाबाईची. साठीच्या पुढची बाई, पण आवाज पुलापर्यंत जातो. माझं सगळं खानदान तिने वाळूत उभं केलं. खंडेरावांनी तिथल्या तिथे निकाल दिला: ज्याने चिरडलं त्याने सात खड्डे पुन्हा भरायचे, आणि टरबुजं उतरेपर्यंत दर रविवारी वाडीला पाणी घालायचं. मी म्हणालो, मी ड्रायव्हिंग शिकायला आलोय. चिमणाबाई म्हणाली, मंग शिक ना बाबा, कुनी धरलंय, पर आधी त्यो डबा उचल.

तेलाचे रिकामे डबे, दोन्ही हातांत दोन. नदीची धार दीडशे पावलांवर. या वेळी मी स्वतः मोजली.

२९ जानेवारी, रविवार

महेबूब एकदाही रुतला नाही. त्याचं ड्रायव्हिंग बघवत नाही. आधी चपला काढून वाट चालून येतो, खाली वाकून वाळू दाबून बघतो, मग गाडीत बसतो आणि गाठी भरलेला टेंपो असल्यासारखा हळू निघतो. काही स्टाइल नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, भाई, अपनेको पोहोचनेसे मतलब. हेच ते. व्हिजन नाही.

मी अठ्ठावीस पावलं. पंप माझ्याकडे. पाणी माझ्याकडे.

११ फेब्रुवारी, शनिवार

झोप आली नाही म्हणून विचार केला आणि सगळं लख्ख दिसलं. आपला सगळा दम कशात जातो? हवा भरण्यात. हवा का भरावी लागते? सोडतो म्हणून. सोडलीच नाही तर भरावी लागणार नाही! शिवाय टणक चाक जोरात पळतं, हे सायकल चालवणाऱ्या कोणालाही माहीत आहे. खंडेराव जुन्या काळचे आहेत. बाडमेरला त्यांना कोणी उलट विचारलं नसेल.

१२ फेब्रुवारी, रविवार

मागच्या दोन चाकांशी बसलो, व्हॉल्व्हवर नुसतं बोट ठेवलं आणि तोंडाने आवाज काढला. चांगला जमला. महेबूब माझ्याकडे बघत होता.

जीप नऊ पावलं गेली आणि मागून बसली. पार आसापर्यंत. खंडेरावांनी खिशातून हवा मोजायचं गेज काढलं, मागच्या चाकाला लावलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, पगारे, वाळूला फसवता येत नाही. मला तर त्याहून नाही.

जीप काढायला चिमणाबाईचे बैल आणावे लागले. तिने माझ्याकडून मोबदला म्हणून शेणखताच्या आठ पाट्या वाहून घेतल्या. झुंबर हसत होता. कुवेतला गेल्यावर पहिल्या फोटोची एक कॉपी झुंबरला पाठवणार.

५ मार्च, रविवार

वेलाला फळं धरलीत, लिंबाएवढी. चिमणाबाई म्हणाली, तुझ्या रांगेला लय धरलीत, बुडाशी पानी घालतोस, पानावर नाय सांडत. झुंबर म्हणाला, वाल्मीकभाऊ, टरबुजं तुमची लय झ्याक, जीपचं काय ते बघा. मी दोघांकडे लक्ष दिलं नाही. मी इथे टरबुजांसाठी येत नाही.

पस्तीस पावलं. ऊन फार होतं.

२४ मार्च, शुक्रवार

टेस्टची तारीख आली, २० एप्रिल. आता मागे बघायचं नाही. साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, पगारे, नक्की ना? मी म्हणालो, सर, वाळूत ब्रेक मारायचा नसतो. हे वाक्य दोन दिवस तयार करत होतो. साहेब हं म्हणाले आणि त्यांनी राजीनामा ड्रॉवरमध्ये टाकला.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. टेस्टच्या आधीच? एवढंच म्हणाली. मग पुन्हा भाजी निवडायला लागली. मला ओरडणारी माणसं परवडतात.

१ एप्रिल, शनिवार

निरोप समारंभ. मला कल्पना नव्हती, म्हणजे थोडी दिली होती मीच. डिस्पॅचने सूटकेस दिली. निळी, पितळी कुलपांची. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत: वाल्मीक भि. पगारे, कुवेत. पेंटरने कुवेत जास्त मोठं काढलंय. भाषण केलं. सगळ्यांना तिथून पत्र लिहीन म्हणालो. खरंच लिहीन.

रात्री सूटकेस कॉटखाली सरकवली. ही म्हणाली, त्यात काय ठेवणार. मी म्हणालो, सध्या रिकामी राहू दे. झोप लागली नाही. साहेबांनी राजीनामा एकदम घेतला, थोडं थांबवायला हवं होतं.

९ एप्रिल, रविवार

जेवायच्या आधी लिहायला बसलो.

आज चारी चाकांची हवा प्रामाणिकपणे सोडली. गेज लावून, बरोबर बारा पौंड. चपला काढल्या, वाट चाललो. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि गेलो. पुलापासून वाडीच्या बांधापर्यंत, बांधाच्या अलीकडून वळून परत. झुंबर मोजायचं विसरला! चिमणाबाईने डोक्यावरचा पदर सावरत आरं वा म्हटलं. खंडेराव म्हणाले, हवा सोडायला तीन महिने घेतलेत, पण सोडलीत.

मर्म कळलं. सगळं हवेत आहे. गाडी कोणतीही असो, आधी हवा. पुन्हा आयुष्यात विसरणार नाही.

१९ एप्रिल, बुधवार

उद्या टेस्ट. महेबूब, झुंबर आणि मी एकत्र जाणार. निघताना हिने दही दिलं हातावर. दारात म्हणाली, नीट करा, घाई करू नका. मी म्हणालो, घाई करणारा तो जुना वाल्मीक.

२१ एप्रिल, शुक्रवार

काल जे झालं ते फक्त इथे लिहितोय. ही वही कुलपात ठेवायची.

टेस्टची जागा म्हणजे डांबरी मैदान. मधोमध दोन ड्रम, त्यांच्यामधून गाडी उलटी न्यायची. पांढरी स्टेशन वॅगन. आमच्या तिघांत माझा पहिला नंबर, पुन्हा मीच मागून घेतलेला. टेस्ट घेणारे साहेब सावलीत कागद भरत होते. मला वाटलं, वाळू मागच्या बाजूला असेल. आणि तयारी दाखवायची तर आत्ताच. मी खाली बसलो आणि चारी चाकांची हवा सोडायला घेतली.

महेबूब लांबून हात हलवत होता. मला वाटलं, गुड लक.

चौथ्या चाकाशी होतो तेव्हा साहेबांचे बूट दिसले. काय करताय म्हणाले. मी शांतपणे डेझर्ट प्रेशर म्हणालो आणि वाळू कुठे आहे असं विचारलं. ते म्हणाले, कसली वाळू. कंपनीचे रस्ते सगळे डांबरी आहेत. क्वार्टर ते ऑफिस, ऑफिस ते क्वार्टर, माणसं सोडायची आणि आणायची. पत्रातली ओळ दाखवली. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, ही एजंटने आपल्या मनाने टाकली असणार.

तरी एक संधी मागितली. मिळाली. बसलेल्या चाकांवर गाडी जड झाली होती, म्हणून सवयीने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. उलटं जाताना ब्रेक मारायचा असतो. मी तीन महिने न मारायला शिकलो होतो. डावा ड्रम लांब गेला, त्याचा आवाज अजून कानात आहे.

मग साहेबांनी ड्रायव्हरकडून पंप आणवला. मी चारी चाकं भरली. त्याच चाकांवर महेबूब उलटा गेला, हळू, दोन्ही ड्रमांना न शिवता. आधी चालून आला होता. त्याला घेतलं. झुंबरला वेटिंगवर ठेवलं. टेस्ट घेणारे साहेब माझ्याकडे बघून ड्रायव्हरला म्हणाले, हवा मात्र चारी चाकांत एकसारखी भरलीय.

परतीच्या गाडीत महेबूबने मला खिडकी दिली. मग हलक्या आवाजात म्हणाला, मैं हात हिलाके मना कर रहा था भाई. मला रडू आलं. धूर डोळ्यांत गेला असं सांगितलं. खिडकी बंद होती.

२२ एप्रिल, शनिवार

सूटकेस परत द्यायला ऑफिसात गेलो. डिस्पॅचवाले म्हणाले, नाव घातलेली वस्तू दुकानदार घेत नाही. कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

साहेबांनी बोलावलं. ड्रॉवर उघडला. माझा राजीनामा वरच होता, मी ठेवला होता तसा घडी घातलेला. हेड ऑफिसला पाठवलाच नव्हता. म्हणाले, वाटलं थोडं थांबावं. तो हातात देऊन म्हणाले, सोमवारी या. मी खूप विचार केला, याचा राग यायला हवा की काय. अजून ठरलं नाही.

२३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७

सकाळी पाचला आपोआप जाग आली. यंदा पहिल्यांदाच.

टरबुजं उतरायचा दिवस. न जाऊन कसं चालेल, तीन महिने पाणी घातलंय. ही म्हणाली, घरात धड पिशवी नाही, ती सूटकेस न्या. थट्टा करते की काय म्हणून तोंडाकडे पाहिलं. करत नव्हती. मोठी आहे ना, म्हणाली.

वाडीत चिमणाबाईने काही विचारलं नाही. महेबूबने आधीच सांगितलं असावं. तिने माझ्या रांगेतली दोन मोठी टरबुजं वाजवून निवडली आणि म्हणाली, गाडीचं जाऊ दे, तुझ्या हाताला पानी हाय, फुडल्या साली वाडीला ये. सूटकेसमध्ये दोनच मावली. कुलपं लावली.

पुलावर सिन्नरहून येणारी एसटी पकडली. कंडक्टरने झाकण वाचलं आणि पुढच्या सीटवरचे दोघे उठवले. माझ्या पायांवर वाळू, कपडे चुरगळलेले, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला. कुवेतला कसं काय असतं, एका म्हाताऱ्याने विचारलं. मी म्हणालो, ऊन फार. स्टँड येईपर्यंत सगळी बस माझ्याशी बोलत होती. टेपरेकॉर्डर आणला का, घड्याळ आणलं का. नाशिक रोडला उतरताना कंडक्टर सूटकेस खाली द्यायला गेला, एक कुलूप सुटलं आणि एक टरबूज बसच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली आलं. म्हातारा खिडकीतून बघत होता. कुवेतची टरबुजं आपल्यासारखीच दिसत्यात, असं शेजारच्याला म्हणाला.

फुटलेलंही घरी आणलं. ही कापताना म्हणाली, मी आईला कुवेतचं कळवलंच नव्हतं, तेव्हा आता वेगळं काही कळवायला नको. का नाही कळवलंस, मी विचारलं. ही म्हणाली, म्हटलं बघू. साहेबांनीही थांबावं म्हटलं होतं. सगळ्यांना माहीत होतं, मी एकटाच जायला निघालो होतो.

टरबूज गोड निघालं. हिने दोनदा घेतलं.

उद्या ऑफिस. अँबॅसिडरच्या मागच्या चाकात हवा कमी आहे, असं साहेब काल म्हणत होते. ती मी सकाळी जाऊन भरेन. ते मला येतं.