तीन डॉक्टरांची इमर्जन्सी

३ नोव्हेंबर, सोमवार
हॉस्पिटलच्या अ‍ॅक्रेडिटेशनची तपासणी पुढच्या मंगळवारी. क्वालिटी मॅनेजर मीच, त्यामुळे काळजी नाही. चेअरमन शिवाप्पा म्हणाले, मानांकन हुकलं तर बंगळुरात, या बनशंकरीत, आपल्याला डासच ओळखतील. अडचण एकच. इमर्जन्सीत चोवीस तास डॉक्टर हवा, असा नियम. आमच्याकडे आहे. एक. डॉ. मनस्विनी सबनीस, नागपूरच्या.
संकल्प: शुक्रवारपर्यंत आणखी दोन.

५ नोव्हेंबर
मुलाखती. एकच उमेदवार आला. त्यानेच माझी घेतली. सध्या किती डॉक्टर आहेत, विचारलं आणि चहा अर्धा टाकून गेला. हल्ली लोकांत कमिटमेंट नाही.

६ नोव्हेंबर, स. ११
मनस्विनीबाईंनी रविवारची सुट्टी मागितली. अकरा दिवस सलग ड्युटी झाली, म्हणाल्या. मी म्हटलं, तपासणी होऊ द्या, मग मीच अंगाई म्हणतो. हसल्या नाहीत. पुणेरी विनोद नागपूरपर्यंत पोचत नाही.

७ नोव्हेंबर
सुचलं! बंगळुरात नाव लिहायच्या तऱ्हा अनेक. इथल्या पद्धतीने वडिलांचं आद्याक्षर मागे: डॉ. मनस्विनी आर. आपल्या पद्धतीने: डॉ. मनस्विनी रमेश सबनीस. आटोपशीर: डॉ. एम. आर. सबनीस. सकाळ, दुपार, रात्र. रोस्टर भरला. खोटं नाव एकही नाही!
हेड नर्स पवित्रा सिस्टर निपाणीच्या. म्हणाल्या, नावं तीन केलासा सर, पाय दोनच हाईत की बाईंना. व्हिजन नाही.

१० नोव्हेंबर
रंगीत तालीम. मनस्विनीबाईंना सांगितलं, सकाळी केस बांधा, दुपारी सोडा आणि चष्मा लावा. नुसत्या बघत राहिल्या. मौन म्हणजे संमती. रविवारीही आल्या होत्या. टीम स्पिरिट.

११ नोव्हेंबर, मंगळवार, दु. ४
तपासणीला डॉ. प्रतिमा आल्या. रोस्टर वाचून म्हणाल्या, छान, तिघींना भेटू. सकाळच्या भेटल्या. दुपारच्या चष्मा लावून आल्या. मॅडमनी चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिघींच्या नावात आर कसा, विचारलं. मी म्हटलं, बहिणी आहेत. नावही एकच? जुळ्या, असं तोंडून गेलं. तिसरी हिशोबात बसेना.
तेवढ्यात मनस्विनीबाई कोसळल्या. पवित्रा सिस्टर ओरडल्या, अहो, डॉक्टरला बोलवा! सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. शेवटी प्रतिमा मॅडमनीच फाइल माझ्या हातात कोंबली आणि सलाइन लावलं. अतिश्रम, बीपी उतरलेलं. धोका नाही.
जमेची बाजू: पेशंटला दोन मिनिटांत डॉक्टर मिळाला. अहवालात घाला म्हटलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. हीही संमतीच.

१४ नोव्हेंबर
अहवाल आला. ‘तिन्ही शिफ्टच्या डॉक्टर एकाच वेळी, एकाच खाटेवर आढळल्या.’ मानांकन नाही. पण डॉक्टर आढळल्या, हे लेखी आलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
टेबलावर तीन राजीनामे. मनस्विनी आर. मनस्विनी रमेश सबनीस. एम. आर. सबनीस. अक्षर एकच.
शिवाप्पांनी तिन्ही शांतपणे वाचले. म्हणाले, सरी, ठीक आहे. आता चौथा तुमचा. नाव कोणत्याही पद्धतीने लिहा.