दिजों शहरातल्या हवेलीचा जिना कुणी वाचवला?

वारसा खात्याचे अधिकारी श्री. व्हासेरो यांस,

हवेलीवरची तुमची पाटी वाचली: "उमराव घराण्याच्या जपणुकीमुळे हा सतराव्या शतकातला जिना वाचला." कसली जपणूक? उमरावसाहेबांनी तो परदेशी व्यापाऱ्याला विकला होता! तो उखडायला हातोडेवाले आले तेव्हा तिथले पहारेकरी, माझे बाबा, पायऱ्यांवर आडवे झाले.

"ऊठ गास्तों," उमरावसाहेब म्हणाले, "जिना माझा आहे."

"तुमचाच साहेब, पण रोज पुसतो मी."

तिसऱ्या दिवशी सरकारी संरक्षणाचा हुकूम येईपर्यंत बाबा हलले नाहीत.

आता तिथे माझा भाऊ पहारेकरी आहे. त्याची नोकरी जाईल, म्हणून हे पत्र टाकत नाही. पण काल पाटीसमोर मी पाहुण्यांना सगळं ओरडून सांगितलं. भावानं ऐकलं आणि दार उघडलं.

"या, आमचे बाबा कुठल्या पायरीवर झोपले होते ते दाखवतो."

गास्तों पहारेकऱ्याची मुलगी,
ओदील