आईची मिरची उशिरा लागते

४ मे, रविवार
या आठवड्यात आईला जाऊन तीन महिने होतील. लोक विचारतात, कशी आहेस? बरी आहे म्हणते. खरंच बरी आहे, तोच तर घोळ आहे. अजून रडू आलेलं नाही. मातीच्या दिवशी पण नाही. धाकटी, लीना, दोघींच्या वाटणीचं रडली.
आज मिरच्या गच्चीवर वाळत घातल्या. लावल्या होत्या तिने, तोडल्या मी. वर्षाच्या बाटली मसाल्याला पुरतील. बियाण्याच्या वेगळ्या, देठांसकट, तिनेच जानेवारीत पुरचुंडी बांधून किचनच्या खिडकीत टांगलेल्या.

६ मे
मे महिन्यात हा असला पाऊस. मी शीळफाट्याला गोडाऊनमध्ये. पप्पांना फोन केला, मिरच्या आत घ्या. म्हणाले, हं. आई गेल्यापासून तेवढंच म्हणतात.
रिक्षा, ट्रॅफिक, दीड तास. आले तर पप्पा दारात खुर्ची टाकून पाऊस बघतायत, मिरच्या वर भिजतायत. राग यायला हवा होता. नाही आला.
आईच्या पलंगावर चादर टाकून पसरल्या, पंखा पाचवर. खिडकी उघडी राहिलेली, पुरचुंडी पण चिंब. ती सोडली आणि त्यातल्या पण तिथेच पसरल्या. वेगळं काढायला हवं हे डोक्यातच आलं नाही.

८ मे
बुरशी. काळ्या पडलेल्या निवडून मोरीबाहेर अंगणातल्या फुटक्या बादलीत टाकल्या. भाजीचा कचरा पण तिथेच जातो. राहिल्या त्या निम्म्याहून कमी.

१० मे
लीना डोंबिवलीहून आली. मिरच्यांचे देठ खुडले, बाकी मसाले भाजले आणि सगळं डंकावर कुटून आणलं. मी गोडाऊनमध्ये. माझी हजेरी कशालाच लागत नाही हल्ली.

११ मे
बाटल्या भरल्या. काळपट काचेच्या, काठीने ठासून, आई भरायची तशा. लीनाचं नाक लाल. शेवटचं बूच लावताना म्हणाली, "बी कुठं ठेवलंस गं?"
मी बाटल्यांकडे बघितलं. तिला कळलं.
ते बी आई माहेराहून घेऊन आलेली, लग्नात. दरवर्षी त्यातलंच पुढे लावायचं. आजोळी आता टॉवर आहे, मागायला कोणी नाही. लीना खाली फरशीवर बसली आणि रडली. मी चहा टाकला. साखर विसरले. दोघींनी तसाच प्यायला.

१३ मे
सारखं आठवतंय: लीनाचा नवरा पहिल्यांदा जेवायला आलेला. आईची मिरची चावून म्हणाला, एवढी काय तिखट नाय. आईने बोट वर केलं. "थांब." तो ऑफिसचं काहीतरी सांगायला लागला, पाच मिनिटांनी मोरीकडे पळाला. तिची मिरची उशिरा लागायची. जिभेला काही नाही, मग घशात, मागून. पप्पा हसून हसून खोकलेले.
आज आठवून मला पण हसू यायला हवं होतं.

१९ जून
फुटक्या बादलीत एक रोप. चार पानं. मिरचीच आहे, वास घेतला.
बुरशीवाल्यांपैकी कुठली असेल. किंवा आपली बाजारची, कचऱ्यातली. लीनाला फोटो पाठवला. तिने सतरा हार्ट पाठवले. म्हटलं, उगाच नाचू नकोस.

४ जुलै
तीन दिवस धो धो. बादलीला खाली अजून भोकं पाडली, नाहीतर मुळं कुजतील. वर ताडपत्री, चार काठ्या. शेजारीण म्हणते, मांडव घातलास होय, लग्न कोणाचं?

२२ जुलै
पानं मुडपली. बोकड्या म्हणायची आई याला. राख भुरभुरली. ती काय करायची ते कधी नीट बघितलं नाही. चाळीस वर्षं त्याच अंगणात कपडे वाळत घातले आणि बघितलं नाही.

१७ ऑगस्ट
फुलं धरली, पावसाने सगळी गळली. ठीक आहे म्हटलं. मग गळलेली फुलं एकेक वेचून बादलीतच टाकली.

१४ सप्टें.
एक मिरची. एकच. पानाखाली लपलेली.
लाल झाल्याशिवाय बी उपयोगाचं नाही. महिना तरी टिकायला हवी. लीना येऊन बघून गेली. म्हणाली, आईचीच आहे, आकार बघ. मला आकार आठवत नाही. कोणाला नीट माहीत असेल तर पप्पांना, रोज जेवताना एक लागायची. पण पप्पा परवा लीनाला रेजिना म्हणाले. रेजिना आईचं नाव.

२८ सप्टें.
वारा, पाऊस. टेंभी नाक्यावर देवीचा मांडव, रस्ते बंद, घरी पोचेपर्यंत भिजून चिंब. ताडपत्री उडालेली. मिरची शाबूत. बादली ओढून दारात घेतली, पप्पांच्या खुर्चीला लागून. त्यांना सांगितलं, हात लावायचा नाही हां. हं.

१२ ऑक्टो., रविवार
चर्चच्या मिस्साहून आले. पप्पा पेज घेऊन दारात बसलेले. ताटलीत मिरची. देठाकडे जेमतेम लाल धरायला लागलेली. शेंडा खाल्लेला.
ओरडले मी. काय ओरडले आठवत नाही. आठ दिवस थांबला असतात तर, असंच काहीतरी.
त्यांनी बोट वर केलं. "थांब."
थांबले. पेजेवर साय धरत होती. मग ते खोकले, डोळे पुसले, म्हणाले, "आली."
हे आठवून केलं, की रेजिना समजून मला चिडवलं, काय माहीत. विचारलं, तिचीच ना? हं.
उरलेल्या तुकड्यातलं बी बशीत काढलं. पांढरं, मऊ. रुजेल असं वाटत नाही, तरी राखेत घालून ठेवलंय. साल मी खाल्ली. काही लागलं नाही. म्हटलं, बाजारचीच. भांडी घासायला घेतली.
दुसरं पातेलं घासताना लागली. घशात, मागून. नळ चालूच राहिला. आई गेली. मोरीत बसून मोठ्याने रडले, फेसाच्या हातांनी. पप्पा आले, नळ बंद केला, परत जाऊन बसले.
रोपावर दोन फुलं आहेत. उद्या परत पाऊस सांगितलाय. ताडपत्री बांधली.