गरम झाल्यावरची फट

कारधा
४ नोव्हेंबर २०२३

ती. परसरामदादास,
सविनय जयभीम, वि. वि.

विनोद गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला तू आलास, तेव्हा आपलं नीट बोलणं झालं नाही. फोनवर मी नुसतं हो-हो करतो, त्यापेक्षा कागदावर बरा बोलतो, असं तूच म्हणालास. म्हणून लिहितो.

तुझ्या आईचं, तुळसामावशीचं, दुखणं वाढल्याचं कळलं. आईचा जीव बहिणीकडे लागला आहे, पण ती बसनं यायला तयार नाही, भाड्याच्या गाडीनंही नाही. विनोदनं तिला सांगून ठेवलं होतं की गाडीचं इंजिन लावून झालं की पयले तुलेच बपेऱ्याले नेतो. आता ती म्हणते, माझ्या पोराचा शब्द मी खाली पडू देणार नाही. मी समजावून थकलो.

त्याची जुनी बीटल गाडी तू पाहिली आहेस. इंजिन मागे, आणि ते पाण्यानं नाही, हवेनं थंड होतं. ते उघडून ठेवलं आणि आठवडाभरात माझा भाऊ गेला. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या हाताखाली बसायचो, तेवढंच माझं शिक्षण. आता शाळेतून आलो की सरळ गाडीकडे जातो. घरात बसवत नाही. बाकी सगळं जुळवत आणलं, पुशरॉडपाशी अडलं आहे. व्हॉल्व्हला ढकलून उघडणाऱ्या या आठ लांब नळ्यांपैकी दोन वाकल्या आहेत. मूळच्या ॲल्युमिनियमच्या आहेत. नागपूरला पोलादी लगेच मिळतात. ॲल्युमिनियमच्या बाहेरून मागवाव्या लागतील, महिना तरी जाईल. विनोद ॲल्युमिनियमच हव्या म्हणत होता. का, ते मी कधी विचारलं नाही. तू सांग, काय घालू?

मावशीला जयभीम सांग. माझ्यावरचा लोभ आहे तसा राहू दे.

तुझा,
सुगत


बपेरा
९ नोव्हेंबर २०२३

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम.

पत्र भेटलं. मास्तर झाला तरी अक्षर कोंबडीनं अंगण उकरल्यासारखंच आहे. अर्धं वाचलं, अर्धं समजून घेतलं.

धान कापून झालं, चुरणं-मळणी बाकी आहे. मायचं म्हणशील तर एक दिवस उठून बसते, मले शिव्या देते, तेव्हा बरं वाटते. दुसऱ्या दिवशी डोळे उघडत नाही. डॉक्टरनं घरीच ठेवा म्हटलं. त्याचा अर्थ तुलेही समजते. दिवसभर तुझ्या आईचंच विचारते, पुष्पी आली का. मी म्हणतो, येऊन राहिली.

पुशरॉडचं विचारतोस कायले? पोलाद घाल. सारा जन्म राइस मिलच्या डिझेल इंजिनापाशी गेला माझा. ॲल्युमिनियमच्या दुधाच्या गंजाले चुलीवरून उतरवतानाही पोचे पडतात, ते इंजिनात काय टिकणार? विनोदले जुन्याचं वेड होतं, जसं होतं तसंच पाहिजे त्याले. तू त्याच्या मागे महिना घालवू नको. मायजवळ महिना आहे का नाही, मी सांगू शकत नाही.

मावशीले माझा जयभीम. जेवत जा वेळेवर. माया कमी करू नको.

तुझा,
परसराम


कारधा
१९ नोव्हेंबर २०२३

ती. परसरामदादास,
सविनय जयभीम, वि. वि.

आज आम्ही तुझ्याकडे निघालो होतो. मोहाडीपर्यंत येऊन परत फिरलो. का, ते लिहितो.

पोलादी पुशरॉड आणले आणि टॅपेटची, म्हणजे रॉड आणि व्हॉल्व्हमधली, फट विनोद ठेवायचा तितकीच ठेवली. फट मोजायच्या त्याच्या फिलर गेजची कोणती पाती लागते, ते मला तोंडपाठ आहे. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आई नवं लुगडं नेसून, मावशीसाठी लाखोळीच्या डाळीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. पूल ओलांडला, भंडारा मागे पडलं. वरठीच्या पुढे मागून टकटक सुरू झाली. इंजिन तापत गेलं तशी ती वाढत गेली. मोहाडीला तर कोणी पत्र्याचा डबा बडवतंय असं वाटायला लागलं. रस्त्यावरची माणसं वळून पाहत होती.

आईनं गाडी थांबवायला लावली. उतरून रस्त्याच्या कडेला बसली. म्हणाली, विनोदची गाडी अशी बोंबलत नव्हती, ही त्याची गाडीच नाही, तुळसाच्या दारात मी हा कालवा घेऊन जाणार नाही. बस येत होती, तिला हात करू का म्हणून विचारलं, तर तिनं तोंड फिरवलं. मी परत वळवली.

दादा, पोलाद मी तुझ्या सांगण्यावरून घेतलं, पण मलाही तेच हवं होतं. ते वाकत नाही म्हणून. या घरात आता आणखी काही मोडू नये, एवढंच डोक्यात होतं. रात्री झोप लागत नाही. पहाटेच झाकण उघडून बसतो आणि काही सापडत नाही.

मावशी कशी आहे, ताबडतोब कळव. रागावला असशील तरी अंतर देऊ नको.

तुझा,
सुगत


बपेरा
२३ नोव्हेंबर २०२३

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम.

रागावू कशाचा? पोलाद मीच सांगितलं होतं. मिलचं इंजिन वेगळं, तुझं वेगळं, एवढं मले समजाले पाहिजे होतं.

मायनं दोन दिवस झाले पाण्याशिवाय काही घेतलं नाही. आवाज करू दे, धूर सोडू दे, घेऊन ये. नाही तर मावशीले उचलून बसमध्ये टाक. मोठी बहीण वाट पाहून राहिली आणि लहान रुसून बसली, या वयात शोभते का, असं माझ्या नावानं विचार तिले. शिव्या देईल त्या मी खाईन.

जास्त लिहीत नाही. आमची आठवण असू दे आणि निघ.

तुझा,
परसराम


कारधा
४ डिसेंबर २०२३

ती. परसरामदादास,
सविनय जयभीम, वि. वि.

आईला तुझ्याकडे सोडून आलो, त्याला आठवडा झाला. तू अंगणात दोनदा विचारलंस, आवाज कसा गेला म्हणून. घरात मावशी तशी होती, मला बोलवेना. आता लिहितो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सातवीला प्रसरण शिकवत होतो. थंड असताना गोळा कड्यातून जातो, तापवला की अडकतो. शिकवता शिकवता थांबलो. हवेवरचं इंजिन तापलं की अंगानं चांगलंच वाढतं. ॲल्युमिनियमचा रॉड त्याच्यासोबत वाढतो, म्हणून विनोदची फट गरम झाल्यावरही तेवढीच राहायची. पोलाद कमी वाढतं. इंजिन पुढे निघून जातं, रॉड मागे राहतो, फट रुंदावते आणि टकटक होते. दरवर्षी हे शिकवतो मी. तरी पोलाद घालून माप मात्र विनोदचं ठेवलं.

ॲल्युमिनियमसाठी थांबायला वेळ नव्हता. मग पोलादच ठेवलं आणि इंजिन थंड असताना फट शून्य केली, रॉड बोटांनी जेमतेम फिरेल इतकी. जास्त आवळलं असतं तर व्हॉल्व्ह जळाला असता, म्हणून आधी एकटाच तुमसरपर्यंत जाऊन आलो. तापल्यावरही गप्प होती.

आईनं विचारलं, आता विनोदसारखी झाली का? हो म्हणणं सोपं होतं. मी नाही म्हटलं. त्याचं माप वेगळं होतं, हे माझं आहे. ती बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, तो नेतो म्हणला होता, नाही नेलं त्यानं. तू तं नेतेस ना, चाल. पुढचं तू पाहिलंसच. मावशीनं डोळे उघडले ते आईला उशीर केला म्हणून बोल लावायलाच, आणि आईनंही ऐकून घेतलं नाही. दोघी भांडताना तू पाठ करून उभा होतास.

आता गाडीत काही बिघडलेलं नाही. तरी आल्यापासून रोज शाळा सुटली की झाकण उघडतो, एकेक रॉड बोटांनी फिरवून पाहतो, पुन्हा बंद करतो. काल दोनदा उघडलं. तुझ्या मिलमध्ये किंवा शेतावरच्या पंपात काही अडलं असेल तर कळव, मी करीन.

आईला रविवारी न्यायला येतो. लोभ असाच राहो.

तुझा,
सुगत


बपेरा
७ डिसेंबर २०२३

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम.

माय थोडी पेज घेते, तुझ्या आईच्या हातूनच. मी दिली तर थुंकते. किती दिवसांचं आहे माहीत नाही, पण दोघी एका खाटेवर झोपतात आणि मले बाहेर काढतात.

तुझं पत्र मावशीले वाचून दाखवलं. शेवटचं ऐकून तिनं विचारलं, विनोद गेला तेव्हापासून सुगत रडला का? मी म्हटलं, नाही, तो इंजिन उघडते. तिनं पेजेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, त्याले लिही.

म्हणून लिहितो. पंप चांगला चालू आहे, मिलही चालू आहे. रविवारी मावशीले न्याले येऊ नको. राहाले ये. पाने-पकड घरीच ठेवून ये.

वाट पाहतो.

तुझा,
परसराम