थांबलेली हलगी

सास्तूर,
२२ सप्टेंबर २०२४

चिरंजीव साद यास,

रामहरीकाकाचे आशीर्वाद. देवीआईच्या कृपेनं आम्ही ठीक आहोत. परवा नळदुर्गला तुझ्या अब्बांना भेटून आलो. बाबामियाँभाईंचा गुडघा बरा आहे. त्यांचा बँड आता तुझा चुलतभाऊ बघतो, पण क्लॅरिनेटला ते कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "साद आल्यावर बघू."

इकडं हवा ओली आहे. हलगी दोनदा शेकावी लागते, नाहीतर कातडं सैल पडतं.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग काकूनं मोबाइलवर लावून दिलं. पुण्याच्या मंडळींचा पियानो, तुझा सॅक्सोफोन आणि मधेच माझी हलगी, आपल्या अंगणात तू टेप केलेली! काकू म्हणाली, "अगं बया, तुमी पुण्याला कवा जाऊन आलात?" लई हसलो.

मग मध्यावर हलगी थांबली. तुझा सॅक्सोफोन एकच सूर धरून राहिला, दारात उभं राहून कुणाची वाट बघावी तसा. हलगी परत आलीच नाही.

तू एकदा सांगितलं होतंस, जाझ ज्यांनी घडवलं त्या काळ्या वादकांना गोऱ्यांच्या मोठ्या घरात वाजवायला बोलवत, पण मागच्या दारानं. मला माझा आजा आठवला होता. सगळी वाट पालखीपुढं वाजवायचा आणि देवळाच्या पायरीशी थांबायचा, आमच्या जातीला आत घेत नसत. एवढं कळूनही मी तुझ्याशी तसाच वागलो.

फोनवर हे बोलायला गेलो की मी पाऊसपाण्यावर घसरतो, म्हणून लिहितोय. दोन वर्षांमागं दसऱ्याच्या पालखीपुढं तू आरतीच्या चालीतून तुझे ते जाझचे सूर काढलेस. गर्दीतनं गावातला हणमंतप्पा ओरडला, "काय रं, रेडा हंबरतोय का?" माणसं हसली आणि माझा हात थांबला. तू एकटाच चार पावलं वाजवत गेलास, मग सॅक्सोफोन खाली घेतलास. त्याच संध्याकाळी गेलास, तो परत आला नाहीस. हलगी सैल पडली, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही.

साद, हलगी सैल पडली नव्हती. चांगली कडक होती. मी लोकांच्या हसण्याला भ्यालो. आईपुढं हे रोज कबूल करतो, पण तेवढ्यानं भागत नाही.

यंदा दसरा बारा ऑक्टोबरला आहे. सॅक्सोफोन घेऊन ये. तुला हवे ते सूर लाव. लोक हसतील, हसू देत. रोज तुझं रेकॉर्डिंग लावतो, आणि हलगी थांबते तिथून पुढं मी वाजवतो. हात बसलाय आता.

या खेपेला पायरीशीही न थांबणारा,
तुझा रामहरीकाका